दीक्षाभूमीचा स्तूप आणि आधुनिक वास्तुकलेची कसोटी

विसाव्या शतकातील भारतीय वास्तुकलेचा परिचय करून देणारे कोणतेही पुस्तक उघडले, तर त्यातील इमारतींची यादी बहुधा ठरलेली असते. ल कोर्बुझिए यांचे चंदीगड, लुई कान यांची अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, राज रेवाल यांचे दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स, चार्ल्स कोरिया यांची मुंबईतील कांचनजंगा आणि त्यांचेच भोपाळचे विधानभवन. या यादीत नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप सहसा आढळत नाही. वस्तुतः तोही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लोखंड आणि सिमेंटच्या साहाय्याने, एका प्रशिक्षित वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभा राहिला. दरवर्षी तेथे जेवढी माणसे येतात, तेवढी वरील यादीतील एकाही इमारतीकडे येत नसतील. तरीही वास्तुकलेच्या अभ्यासकांना तो ‘धार्मिक बांधकाम’ वाटतो आणि म्हणून विचाराबाहेर राहतो. आपल्या लेखकांनीही त्याला फारसा न्याय दिलेला नाही. दीक्षाभूमीवर आपण इतिहास लिहिला, कविता लिहिल्या, आठवणी लिहिल्या. परंतु वास्तू म्हणून ती कशी आहे, तिच्यात काय साधले आणि काय फसले, याची चिकित्सा क्वचितच केली. श्रद्धेच्या स्थानाची चिकित्सा करणे म्हणजे श्रद्धेला धक्का देणे, असा समज त्यामागे असावा. बुद्धाच्या अनुयायांना हा समज शोभणारा नाही.

प्रथम वास्तूची माहिती थोडक्यात पाहू. स्तूपाचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा. बांधकामाचा प्रारंभ जुलै १९७८ मध्ये झाला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे तेवीस वर्षे काम चालले. धोलपूरचा वालुकाश्म, ग्रॅनाइट आणि संगमरवर यांचा वापर झाला आहे. स्तूप आतून पोकळ आहे. खाली प्रशस्त सभागृह, मध्यभागी बुद्धमूर्ती, चारी दिशांना प्रवेशद्वारे, त्यांवर अशोकचक्रांकित कमानी आणि हत्ती, घोडे, सिंह यांच्या आकृती. स्तूपाचा व्यास सामान्यतः १२० फूट सांगितला जातो आणि उंचीही तेवढीच.

बांधकाम ज्या महिन्यात सुरू झाले, त्या महिन्याची आठवण मराठवाड्यातील वाचकाला वेगळी करून देण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत बौद्धांच्या वस्त्या जळाल्या. नागपुरात पाया खोदला जात असताना इकडे घरांचे वासे जळत होते. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तेव्हाही स्तूपाचे काम पूर्ण झालेले नव्हते. सरकारी तिजोरीतून वर्ष-दोन वर्षांत उभ्या राहणाऱ्या इमारतींशी या वास्तूची तुलना करताना हा संथ काळ ध्यानात ठेवावा लागतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आधुनिक वास्तुकलेचे जे शास्ते होते, त्यांची पहिली आज्ञा अशी की इमारतीने खोटे बोलू नये. काँक्रीट असेल तर काँक्रीट दिसावे. वर दगडाचा मुलामा चढवून ते लपवू नये. जो भाग भार वाहत नाही, त्याने भार वाहण्याचे सोंग करू नये. दुसरी आज्ञा अशी की जुन्या काळाची रूपे उसनी घेऊ नयेत. या दोन्ही कसोट्यांवर दीक्षाभूमीचा स्तूप नापास ठरतो. त्याचा गाभा आधुनिक आणि कवच वालुकाश्माचे आहे. त्याचे रूप सांचीचे स्मरण करून देते. म्हणूनच यादी करणाऱ्यांनी तो वगळला असेल, तर त्यांच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. प्रश्न असा की ती दृष्टी बौद्ध वास्तुपरंपरेला लागू पडते काय?

सांचीचा महास्तूप घ्या. मूळ स्तूप अशोककालीन, विटांचा. आज आपण जो पाहतो तो शुंगकाळात त्याच्यावर चढवलेला दगडी थर आहे. म्हणजे ज्याला आपण सांची म्हणतो, तेच मुळात एक आच्छादन आहे. ही केवळ सोय नव्हती, तिला परंपरेत नाव आहे. महावंसात महियंगण येथील स्तूपाचे वर्णन करताना, दुट्ठगामणी राजाने मूळ लहान स्तूपावर ऐंशी हात उंचीचे ‘कंचुक-चेतिय’ बांधल्याचे सांगितले आहे. कंचुक म्हणजे अंगरखा. जुन्या स्तूपाला पाडायचे नाही, त्याला नवे वस्त्र घालायचे, ही बौद्धांची रीत. तेव्हा आतील बांधणी एक आणि बाहेरील पाषाण दुसरा, एवढ्यावरून दीक्षाभूमीला असत्याचा दोष देता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील लेणी तर आधुनिकांच्या या कसोटीला उघडपणे हसतात. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. कार्ल्याच्या तर मूळच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आजही शिल्लक आहेत. अखंड डोंगरात कोरलेल्या छताला या फासळ्यांच्या आधाराची काडीमात्र गरज नाही. पुढे अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडात कोरल्या गेल्या. आधी दगडाने लाकडाचा आधार घेतल्याचे नाटक केले, नंतर दगडच लाकूड झाला. ल कोर्बुझिए यांच्या शिष्याने याला खोटेपणा म्हणावे, हवे तर. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहात उभ्या राहिलेल्या माणसाला तेथे काही फसवले गेल्याची भावना होत नाही. लाकडी चैत्यगृहांत पिढ्यान्‌पिढ्या जमलेल्या उपासकांची स्मृती त्या फासळ्यांत आहे. स्मृती हेही वास्तूचे एक द्रव्य असते आणि ते सामग्रीइतकेच खरे असते.

काँक्रीटच्या ‘सत्या’विषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चंदीगडच्या इमारतींवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वण जसेच्या तसे ठेवले आहेत आणि जगभरच्या समीक्षकांनी त्या खडबडीत पृष्ठभागाचे सौंदर्य वाखाणले आहे. ते सौंदर्य मलाही नाकारायचे नाही. पण आमच्या सिरसाळ्याकडे, परळी तालुक्यातील वस्त्यांमध्ये, भिंतीला गिलावा नसणे याचा अर्थ एकच होतो, पैसे संपले. ज्याच्या घराची भिंत आयुष्यभर उघडी राहिली, तो माणूस आपल्या विहाराला गुळगुळीत पाषाण लावतो, तेव्हा तो दिखाऊपणा करत नसतो. त्याच्या लेखी गिलावा ही प्रतिष्ठा आहे. उघड्या काँक्रीटचे कौतुक करायला आधी गिलाव्याच्या घरात जन्म व्हावा लागतो.

याच भागातील माणसे ऊसतोडणीला जातात, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. घमेले डोक्यावर घेऊन स्लॅब भरणाऱ्या मजुराला आपल्या मराठीत आजही ‘बिगारी’ म्हणतात. वेठबिगारीतून आलेला हा शब्द मजुरी मिळू लागली तरी चिकटून राहिला. चंदीगडची जी छायाचित्रे जगभर गाजली, त्यांत परातीतून काँक्रीट वाहणाऱ्या बायकांची रांग दिसते. त्या बायकांच्या घरांसाठी मात्र मूळ आराखड्यात सेक्टर नव्हता. जे राहणार होते त्यांच्यासाठी घरांचे तेरा, नंतर चौदा प्रकार ठरवले गेले, ते नोकरीच्या दर्जाप्रमाणे, मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत. नव्या भारताचे नवे शहर म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याने माणसाचे स्थान त्याच्या हुद्द्यावरून आधीच आखून ठेवले. हे पाहून उतरंडीचा अनुभव असलेल्या वाचकाला काय आठवेल, ते वेगळे सांगायला नको.

या ठिकाणी मिलिंदपञ्हातील एक दृष्टांत सहज आठवतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिले, तेव्हा या ग्रंथाचे महत्त्व त्यांनी आपल्यासमोर ठेवलेच होते. अनुमानाचा प्रश्न आला असता नागसेन नगर वसवणाऱ्या स्थपतीचे उदाहरण देतो. तो आधी सपाट, निर्दोष जागा शोधतो, तट, वेशी, चौक, बाजार आखतो आणि नगर पूर्ण झाल्यावर दुसऱ्या देशी निघून जातो. पुढे ते नगर समृद्ध होते, तऱ्हेतऱ्हेच्या लोकांनी गजबजते आणि नगर पाहून लोक अनुमान करतात की हे वसवणारा कुशल होता. त्या नगरातील रहिवाशांची यादी नागसेन देतो ती लांबलचक आहे. तिच्यात क्षत्रिय-ब्राह्मण आहेत, तसेच चर्मकार आहेत, रथकार आहेत, विणकर, रंगारी, दंतकार आहेत. ज्यांच्या हातांनी नगर चालते, त्यांची नावे नगराच्या वर्णनातच आहेत. स्थपतीची ओळख त्याच्या स्वाक्षरीने पटत नाही, नगरातील जीवनाने पटते. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात याच्या उलट रीत दिसते: स्थपतीचे नाव आधी, त्यात राहणारे नंतर, बांधणारे कधीच नाहीत.

बांधणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून महावंसातील दुसरा प्रसंगही सांगतो. अनुराधपुरात महाथूप बांधण्याचे ठरले तेव्हा दुट्ठगामणीने आज्ञा काढली की या कामावर कोणीही विनामोबदला राबता कामा नये; वेशींवर नाणी, वस्त्रे, अन्न ठेवले गेले. राजाच्या पुण्यसंचयाची भाषा त्यात आहेच आणि दुट्ठगामणीच्या युद्धांकडे आपण डोळेझाक करू शकत नाही. तरी स्तूपाचे काम वेठीने होऊ नये, हा विचार एका बौद्ध ग्रंथाने नोंदवून ठेवला, ही गोष्ट लहान नाही. ज्यांच्या पूर्वजांनी गावच्या गढीसाठी वेठीने माती वाहिली आणि ज्यांची महार वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली, त्यांनी अवघ्या वीस वर्षांत स्वतःच्या वर्गणीतून स्तूपाचा पाया घातला. दीक्षाभूमीच्या बांधकामाचा खरा इतिहास हा आहे आणि तो पावतीपुस्तकांत आहे.

त्याच प्रकरणात स्तूपाच्या आकाराविषयी एक मार्मिक कथा आहे. स्तूप कोणत्या आकाराचा करशील, असे राजाने गवंड्याला विचारले. गवंड्याने सोन्याच्या पात्रात पाणी घेतले, हाताने पाण्यावर आघात केला आणि उठलेला बुडबुडा दाखवून म्हणाला, असा. स्तूपाच्या अर्धगोलाचा हा अर्थ मला सर्वांत हृद्य वाटतो. अनित्यतेचे चिन्ह म्हणून बुडबुड्याइतकी समर्पक वस्तू नाही. परंतु प्राचीन स्तूप भरीव असत. विटा आणि मातीचा तो डोंगर बुडबुड्याचे रूप घेई, स्वभाव घेत नसे. पातळ कवच आणि आत रिकामी जागा, हा बुडबुड्याचा स्वभाव लोखंड-सिमेंटच्या तंत्रामुळेच मोठ्या आकारात आणि एवढ्या सहजतेने बांधता येऊ लागला. दीक्षाभूमीचा स्तूप या एका अर्थाने अनुराधपुराच्या गवंड्याच्या कल्पनेच्या जितका जवळ गेला आहे, तितका सांचीचा स्तूपही गेलेला नाही. आणि हे आधुनिक तंत्राशिवाय घडले नसते. म्हणून या वास्तूला ‘सांचीची प्रतिकृती’ म्हणणे मला पटत नाही.

प्रतिकृतीचा मुद्दा मोजमापांनीही निकालात निघतो. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट आहे, म्हणजे दीक्षाभूमीएवढाच. पण त्याची उंची सुमारे ५४ फूट. व्यास तोच ठेवून उंची दुपटीहून अधिक केल्यावर प्रमाण पूर्णतः पालटते. सांचीचा अंड जमिनीवर बसलेला आहे, माथा किंचित सपाट, एखाद्या ध्यानस्थ माणसासारखा. दीक्षाभूमीचा उभा आहे. येथे माझा पहिला आक्षेप येतो. ही वास्तू स्वतःच्या उभेपणावर विश्वास ठेवत नाही. तिला सांची व्हायचे आहे, म्हणून कमानी येतात, प्राणी येतात, कारंजी येतात. भोवतीच्या अलंकरणामुळे मूळ घुमटाची निर्भेळ रेषा दुरून जितकी प्रभावी दिसते, तितकी जवळून राहत नाही. हत्ती-घोडे-सिंह यांना बौद्ध कलेत अर्थ आहे हे खरे. पण सांचीच्या तोरणांवर विदिशेच्या दंतकारांनी ज्या नजाकतीने कोरीव काम केले, तशा हाताशिवाय या आकृती केवळ खुणा होऊन राहतात. मल यांनी घुमटावर थांबून बाकीचे सोडून दिले असते, तर वास्तू अधिक गंभीर झाली असती, असे माझे मत आहे.

भोपाळचे विधानभवन याच सांचीजवळ, पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. कोरिया यांनी १९९६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत सभागृहावर स्तूपाची आठवण करून देणारा घुमट ठेवला, वर्तुळाकार आराखडा केला आणि १९९८ मध्ये त्यांना आगाखान पुरस्कार मिळाला. तेथे कोरिया यांनी संयम दाखवला आहे. सांची सूचित होते, नक्कल होत नाही. कलेच्या दृष्टीने ते दीक्षाभूमीपेक्षा सरस ठरते, हे मान्य करण्यात संकोच वाटू नये. मात्र तेथे सामान्य माणसाला पास काढून जावे लागते. स्तूपाचा आकार घेतला, पण स्तूपाचा मूळ स्वभाव, म्हणजे चौकात उभे राहणे, तेवढा घ्यायचा राहिला.

चौकाचा उल्लेख मी सहेतुक केला. महापरिनिब्बान सुत्तात आनंद विचारतो की तथागतांच्या शरीराचे काय करावे. उत्तरात चार महामार्ग जेथे मिळतात तेथे स्तूप उभारावा असे येते आणि स्तूपास पात्र असे चार जण सांगितले जातात: तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागताचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. का, तर तो पाहून ‘बहुजन’ चित्त प्रसन्न करतात. हा शब्द सुत्तातलाच आहे. पालीत चित्ताच्या प्रसन्नतेला ‘पसाद’ म्हणतात आणि राजवाड्याला ‘पासाद’. एका मात्रेचा फरक आहे. पण स्तूपाचे काम पसादाचे आहे, पासादाचे नव्हे. या सुत्ताच्या आधारे स्तूपाची कसोटी करायची, तर प्रश्न तीनच उरतात: तो चव्हाट्यावर आहे काय, बहुजन तेथे येतात काय आणि त्यांच्या चित्तात काही घडते काय. धातू किंवा अस्थी हा स्तूपाचा गाभा खराच. दादरच्या चैत्यभूमीवर, ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराबाई यशवंत आंबेडकर यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या त्या लहानशा चौकोनी वास्तूत, तो गाभाच सर्वस्व आहे. चैत्यभूमीला मोठा आकार नाही, आणि ६ डिसेंबरच्या रांगेतील कोणालाही त्याची उणीव भासत नाही.

दुसरी तुलना गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोड्याशी केली पाहिजे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा खांबविरहित घुमट सुमारे २८० फूट व्यासाचा असून खाली आठ हजार साधक बसू शकतात. तेव्हा दीक्षाभूमीचा उल्लेख ‘जगातील सर्वांत मोठा पोकळ स्तूप’ असा आपल्या स्मरणिकांत अजूनही होतो, तो थांबवायला हवा; आकाराचा तो मान आता तिचा नाही. गोराईच्या घुमटात पोलादाचा आधार टाळून दगड एकमेकांत गुंतवले आहेत, जेणेकरून वास्तू सहस्रावधी वर्षे टिकावी. रूप श्वेडगॉनचे आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती विलक्षण कामगिरी आहे. परंतु मुख्य घुमटाखाली बसण्याचा अधिकार विपश्यनेचे शिबिर केलेल्या साधकाला आहे. इतरांनी काचेमागून पाहायचे. ध्यानाच्या शिस्तीसाठी हे आवश्यक असेल. पण ज्या समाजाला देवळाच्या पायरीपासून शतकानुशतके दूर उभे केले गेले, त्याच्यासाठी आत जाता येणे हीच वास्तूची पहिली भाषा आहे. दीक्षाभूमीला चारी बाजूंनी दारे आहेत. कोणत्याही दाराने या, चप्पल काढा आणि थेट मध्यभागापर्यंत जा. मध्ये कोणी पुजारी नाही, गाभाऱ्याचा उंबरठा नाही.

स्तूपाच्या आत जाणे ही कल्पनाच परंपरेला नवी आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. कार्ल्याला चैत्यगृह असते आणि त्याच्या आत स्तूप; उपासक स्तूपाभोवती फिरतो. भिक्खूंची निवासाची लेणी वेगळी. दीक्षाभूमीत चैत्यगृह, स्तूप, सभागृह आणि ग्रंथालय हे सारे एका कवचाखाली आले. स्तूप स्वतःच चैत्यगृह झाला. परंपरेच्या अभ्यासकाला हा गोंधळ वाटेल. मला त्यात धम्मक्रांतीचा तर्क दिसतो. १९५६ मध्ये जे बौद्ध झाले त्यांना प्रदक्षिणा घालण्याइतकीच जमण्याची, ऐकण्याची, वाचण्याची जागा हवी होती. बाबासाहेबांनी विहारात नियमित जाण्याचा आग्रह धरला तो याच अर्थाने. आतील सभागृहात आवाज घुमतो, दिवे भडक आहेत आणि भिंतींवरील मजकूर वाचायला निवांत जागा नाही, या उणिवा मी नमूद करतो. ध्वनी आणि प्रकाश हे आधुनिक वास्तुकलेने शास्त्र म्हणून विकसित केलेले विषय आहेत. तेथे तिच्याकडून शिकण्यात काही कमीपणा नव्हता.

तरीही हा स्तूप म्हणजे दीक्षाभूमी नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे स्तूप नव्हता. लस संस्थेजवळचे सुमारे चौदा एकरांचे मैदान होते, मांडव होता आणि व्यासपीठावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती उभारलेली होती, असे त्या सोहळ्याच्या वर्णनांत येते. पहिली वास्तू अशी तात्पुरती होती. दुसऱ्या दिवसानंतर ती उतरवली गेली असेल. तिच्यासमोर जमलेली लाखो माणसे ज्या जमिनीवर उभी होती, ती जमीनच खरी वास्तू. अशोक विजयादशमीला जो कोणी तेथे गेला आहे, त्याला ठाऊक आहे की त्या दिवशी घुमट पार्श्वभूमीला जातो आणि मैदान पुढे येते. पुस्तकांची दुकाने, भोजनदानाचे मंडप, झाडाखाली पथारी टाकून झोपलेली परळीची, परभणीची, बुलढाण्याची माणसे. कोणत्याही स्थपतीने हे आखलेले नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणून लावलेला बोधिवृक्ष आणि बावीस प्रतिज्ञांचा स्तंभ ही त्या मैदानाची केंद्रे आहेत आणि दोन्हींना छप्पर नाही.

हे नीट समजले नाही म्हणूनच अलीकडचा वाद उद्भवला. सुशोभीकरणाच्या योजनेत मैदानाखाली भूमिगत वाहनतळ खोदण्याचे काम सुरू झाले. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोकांनी तेथे जमून ते बंद पाडले, साहित्याची जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर करण्यात आली. जाळपोळीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु लोकांचा मूळ आक्षेप वास्तुशास्त्राच्या दृष्टीने अचूक होता. स्तूपाच्या पायाला धोका आहे की नाही, हा अभियंत्यांचा प्रश्न झाला. मैदान पोकळ करून त्यावर छत टाकले, की ती जमीन राहत नाही, छत होते. हा प्रश्न त्याहून मोठा आहे. छतावर लाखो माणसे उभी करायची तर भारक्षमता मोजावी लागते, मोजली की मर्यादा येते आणि मर्यादा आली की पास येतात.

वास्तुकलेच्या इतिहासातील एका घटनेशी याची तुलना करण्याजोगी आहे. एप्रिल २०१७ मध्ये दिल्लीतील हॉल ऑफ नेशन्स पाडण्यात आले. राज रेवाल यांची संकल्पना, महेंद्र राज यांची अभियांत्रिकी, १९७२ चे बांधकाम. काँक्रीटच्या त्रिमित जाळीचा तो जगप्रसिद्ध नमुना होता. देशोदेशीच्या वास्तुविशारदांनी पत्रे लिहिली, न्यायालयात दाद मागितली, तरी ते वाचले नाही. रस्त्यावर कोणी उतरले नाही, कारण ती इमारत कोणाची म्हणून नव्हती. वर्षानुवर्षे लाखो लोक तेथील प्रदर्शनांना येऊन गेले, पण ती त्यांची झाली नाही. त्या इमारतीच्या कलागुणांची दीक्षाभूमीला सर नाही, हे मी स्पष्टपणे म्हणतो. अशी वास्तू पडते आणि सामान्य कलागुणांच्या वास्तूच्या नुसत्या अंगणासाठी माणसे नागपूरला धावतात, याचे स्पष्टीकरण आधुनिक वास्तुकलेच्या कसोट्यांत नाही. ज्यांची नावे पावतीपुस्तकात आहेत, ती माणसे वास्तूला मालमत्ता समजत नाहीत, कुटुंबातली समजतात.

आता आपल्या खेड्यांतील विहारांकडे पाहू. मराठवाड्यातील बहुतेक वस्त्यांत विहार म्हणजे शासकीय निधीतून बांधलेले समाजमंदिर: चार भिंती, सपाट स्लॅब, दोन खिडक्या, लोखंडी दार, निळा रंग, बाहेर बाबासाहेबांचा पुतळा आणि पंचशील ध्वज. ल कोर्बुझिए यांनी ज्या साध्या पेटीसारख्या घराचे स्वप्न पाहिले, ती पेटी आमच्या वस्तीत कोणतेही घोषणापत्र न वाचता येऊन पोहोचली. गेल्या वीसेक वर्षांत, गाठीला थोडा पैसा आला की या पेटीवर छोटा घुमट बसतो, पुढे सिमेंटचे सांची-तोरण येते, त्याला सोनेरी रंग लागतो. दीक्षाभूमीचे अनुकरण होते, पण अनुकरण होते ते तिच्या सर्वांत दुबळ्या भागाचे. चार दारे कोणी घेत नाही. बाहेरचे मोकळे अंगण कोणी राखत नाही. उलट तोरणासाठी तेच आक्रसते. मे महिन्यात सिरसाळ्याच्या उन्हात त्या स्लॅबखाली दुपारी मुले अभ्यासाला बसू शकत नाहीत. विनयाच्या सेनासनखंधकात विहारदानाचे प्रयोजन सांगताना थंडी-ऊन, वारा-पाऊस, डास आणि सरपटणारे प्राणी यांपासून संरक्षण, हेच आधी येते. ध्यान आणि चिंतन त्यानंतर. बुद्धाने वास्तूकडे पाहण्याचा हा क्रम घालून दिला आहे. तोरणाला जितका खर्च येतो तितक्यात स्लॅबवर चुन्याचा जाड थर, समोरासमोर खिडक्या, दक्षिण-पश्चिमेला पडवी आणि अंगणात दोन पिंपळ सहज होतात.

दीक्षाभूमीच्या नव्या आराखड्याची चर्चा पुन्हा सुरू होईल, तेव्हा स्मारक समितीने आणि शासनाने मैदानाचे, पायाचे आणि पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे मराठीत छापून विहाराविहारांत लावावेत. नकाशा वाचता येणारे अभियंते आता आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांची टिपणे मागवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत पुरेशी आहे. सुशोभीकरणात काय हवे, असे विजयादशमीला येणाऱ्या बायकांना विचारले, तर त्या बहुधा कारंजे सांगणार नाहीत. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि रात्री टेकायला सावलीची जागा सांगतील. या तिन्ही गोष्टी जमिनीच्या वर, मैदानाच्या कडेला बांधता येतात आणि त्यासाठी खोल खणावे लागत नाही.